दुधीची उपकारस्तुती

माझी आई देवाचे आभार मानायला लागली की आम्हा भावंडांना बारीकशी लाज वाटायची. वसईतल्या आमच्या घरी दिवेलागणीला रोजरी असे. पाच रहस्यं संपत, लितानी संपे, पोटात भूक आणि गुडघ्यांत मुंग्या एकाच वेळी जाग्या होत, आणि आम्ही उठायच्या बेतात असलो की आई डोळे मिटलेलेच ठेवून स्वतःच्या शब्दांत सुरू व्हायची. पुस्तकातल्या प्रार्थनेला शेवट असतो, तिच्या प्रार्थनेला नसे. देवा, आज रहाटाची दोरी तुटली नाही. देवा, धाकट्याचा ताप उतरला. देवा, नाक्यावरचं कुत्रं अंगावर आलं पण चावलं नाही. देवा, आज सासूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कालवणाला नाव ठेवलं नाही. हे शेवटचं ऐकायला सासूबाई शेजारीच गुडघे टेकून असत. त्यांचं ‘आमेन’ त्या वाक्याला जरा जोरात पडायचं; ते मान्य म्हणून की उद्या बघते म्हणून, हे आजतागायत कळलेलं नाही. वडिलांचं ‘आमेन’ मात्र नेहमी एक वाक्य आधी यायचं, कारण चुलीवरच्या मासळीचा वास देवघरापर्यंत पोचलेला असायचा.

एकदा मी तिला विचारलं होतं, की कुत्रं चावलं नाही यात देवानं नेमकं काय केलं? आठवीत होतो आणि विज्ञानात चांगले मार्क पडत होते, त्यामुळे असे प्रश्न सुचायचे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “चावलं असतं तर ‘देवानं असं का केलं’ म्हणून विचारलं असतंस ना? मग नाही चावलं ते कोणाच्या नावावर मांडायचं?” विज्ञानाच्या पुस्तकात याला उत्तर नव्हतं. पुढं कधीतरी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली, तेव्हा मला आईच भेटल्यासारखं झालं. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मधोमध उभा चिरला. त्या स्वतः ख्रिस्ताकडे वळल्या त्या काही वर्षांनी, आपल्या पायांनी, आपल्या गतीनं. पण त्या पुस्तकात रडायच्या जागी बाई हसतात आणि हसता हसता हात जोडतात. श्रद्धा म्हटलं की आपण लगेच आवाज खाली घेतो, चेहरा लांब करतो. या दोन बायकांची श्रद्धा मिसळणाच्या डब्याशेजारी राहायची आणि तिला हळदीचे डाग असायचे.

मला नोकरी लागली ती डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत. वडील म्हणाले, “म्हणजे गुजरातच की!” आई म्हणाली, “गाडीत बसायला मिळो.” आता उपनगरी लोकल डहाणूरोडपर्यंत जाते, ती पोचली २०१३ साली. माझी उमेदीची वर्षं शटलमध्ये गेली. आमच्या डब्यात एक भजनी मंडळ होतं. विरारला टाळ बाहेर निघायचे ते पालघर येईस्तोवर आत जायचे नाहीत. मी कोपऱ्यात उभा राहून खिशातल्या खिशात रोजरीचे मणी सरकवत असे. पण टाळांपुढं माळेचं काय चालणार! ‘नमो मरिया’ हळूहळू अभंगाच्या ठेक्यावर चढायची, दहाच्या जागी बारा होऊन जायच्या, आणि पालघर आलं की माझ्या लक्षात यायचं, की आपण दुःखाच्या रहस्यांत टाळ्या वाजवतोय. मंडळाच्या बुवांनी एकदा मला ओठ हलवताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, मला अभंग येतो. त्यांनी सरकून जागा करून दिली. तीन वर्षं मी त्या जागेवर बसलो. जागा मिळाली त्या रात्री फोनवर आईला सांगितलं, तर तिनं विठोबाचेही आभार मानले. आमच्या फादरांना मी हे कधी बोललो नाही.

डहाणूला उतरलं की किनाऱ्याकडे नारळ, चिकू आणि पारशी-इराण्यांच्या वाड्या. इथला घोलवडचा चिकू आता भौगोलिक मानांकनाचा मानकरी आहे. पण तो झाडावर पिकत नाही, पिकल्याचं तोंडानं सांगत नाही आणि रंग बदलून इशाराही देत नाही. वाडीतला माणूस नखानं त्याची साल किंचित खरवडून पाहतो. खाली हिरवं दिसलं तर अजून राहू दे, पिवळसर दिसलं तर उतरव. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, देवही आपल्याला अधूनमधून असाच खरवडून पाहत असावा. आपण मात्र ‘आई गं’ म्हणून ओरडतो, कारण आपल्याला वाटतं तो सोलतोच आहे.

रेल्वेच्या पूर्वेला गेलं की वाड्या संपतात आणि चढ लागतो. कासा, धुंदलवाडी, मग तलासरी, झरी, उधवा. पलीकडं गुजरात. इकडच्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. आम्हा वसईकरांना त्यांनी देवळं दिली आणि त्यांच्याबरोबर परेरा, डिमेलो, लोपीस अशी आडनावंही दिली. ती आम्ही चार शतकं घट्ट धरून बसलो आहोत. जणू स्वर्गाच्या दारात रेशनकार्डच दाखवायचं आहे. डोंगरातल्या वारल्यांत येशू पोचला तो फार नंतर, आणि त्यानं कोणाचं आडनाव बदललं नाही. तलासरीला येशूसंघीयांचं मिशन आहे, ज्ञानमाता सदन. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत झाला तेव्हा हा सगळा डोंगरपट्टा आमच्याच पदरात आला. शाळेच्या हजेरीपटावर नजर टाकून कोण कोणत्या देवाचा हे कळायची काही सोय नव्हती. त्या गैरसोयीनं मला किती बरं वाटलं, हे वसईत वाढलेल्यालाच कळेल. धर्म कोणी बदलावा, बदलल्यावर दाखल्याचं काय करावं यावर अलीकडं मोठमोठ्यानं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या आवाजात माझी ही दुधीची गोष्ट ऐकू यायची नाही, म्हणून मी तिकडं वळत नाही.

त्या डोंगरपट्ट्यात एका पाड्यावर लहानसं प्रार्थनाघर आहे. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. महिन्यातून दोनदा फादर मोटारसायकलवरून येत आणि मिस्सा होई. मी शनिवारी मुक्काम करून रविवारी तिथं जायला लागलो तो निव्वळ सवयीनं. रविवारी मिस्सा चुकली की मला उपाशी राहिल्यासारखं होतं. तिथला एक म्हातारा, त्या बाजूला म्हाताऱ्याला ‘डोसा’ म्हणतात, बाकावर माझ्याशेजारी बसायचा. हा डोसा म्हणजे चालतंबोलतं आश्चर्य होतं. रविवारी मिस्सा, सोमवारी लाल बावटा खांद्यावर घेऊन मोर्चा, आणि चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला बैलगाडीतून सहकुटुंब. मोर्चाचं त्याला वारशानंच आलं होतं. झरीला १९४५ च्या मे महिन्यात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार देणारा लढा उभा राहिला. त्या परिषदेला त्याचा बाप चालत गेला होता, असं तो सांगे. बापानं तिथून काय आणलं, असं विचारलं तर सरळ ताठ बसून दाखवायचा. “हे आणलं,” म्हणायचा.

एकदा मी त्याला चिडवलं. म्हटलं, “डोसा, इतक्या ठिकाणी जाता, नेमकं मागता तरी कोणाकडं?” तो माझ्याकडं असा पाहायला लागला, जसं मी दोनाचा पाढा चुकलोय. म्हणाला, “मागायचं तं सरकारकडं. देवाकडं कशाला मागू? देवाचा उपकार मानायचा.” मग जरा थांबून, मला समजलं नसेल अशा शंकेनं, “सरकारचं काम सरकारकडं, देवाचं देवाकडं. गुरुजी, तुमी उलटं करता का?”

हो, उलटंच करत होतो. जन्मभर. माझी प्रार्थना काढून पाहिली तर ती अस्सल सरकारी अर्ज आहे. विषय: बदलीबाबत. संदर्भ: मागील नोव्हेना. सोबत: मेणबत्त्या दोन. आपला विश्वासू. आणि सरकारपुढं मात्र मी इतका नम्र, की कारकुनानं नुसतं ‘उद्या या’ म्हटलं तरी दोनदा आभार मानून येतो. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे अवयव आणि मेणाची घरं मिळतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर. ते नेऊन मातेपुढं ठेवायचं. मी एका सप्टेंबरात मेणाचं घर ठेवलं होतं. चार वर्षांनी खरं घर झालं. आनंदाच्या भरात मी कर्जाच्या अधिकाऱ्याला पेढे दिले, वायरमनला दिले, ज्यानं गच्चीला गळती ठेवली त्या कंत्राटदारालासुद्धा दिले. माउंट मेरीला जायचं राहून गेलं. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, गर्दी असते गं. त्या डोशाचं बोलणं ऐकताना मला ते मेणाचं घर आठवलं आणि उगाचच मान खाली गेली. त्याच्या वनपट्ट्याचा दावा अजून कागदांवरच फिरत होता. जी जमीन सात-बाऱ्यावर त्याची नव्हती, तिच्यातल्या नागलीबद्दल तो दरवर्षी देवाचे आभार मानत होता आणि पट्ट्यासाठी मोर्चात पाय झिजवत होता. दोन्ही कामांत त्याचा हिशेब चोख होता.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट येते. दहाही जण येशूला लांबून हाक मारतात. तो म्हणतो, जा, याजकांना जाऊन अंग दाखवा. त्या काळी बरं झाल्याचा निर्वाळा याजकच देत. तो मिळाल्याशिवाय गावात परत घेत नसत. ते निघतात, वाटेत बरे होतात आणि एकटाच मागं फिरून आभार मानायला येतो. तोही परका, शोमरोनी. मग येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठं? या नऊ जणांना प्रवचनांतून शतकानुशतकं इतका मार बसला आहे, की मला त्यांची दया येते. बिचारे सांगितलेल्या कामालाच निघाले होते! धर्मशिक्षणाच्या तासाला मी पाड्यावरच्या पोरांना हाच प्रश्न टाकला. नऊ जण परत का आले नसतील? एक पोरगा म्हणाला, “त्यांची एसटी सुटली असती.” दुसरा म्हणाला, “दाखला भेटला नाय अजून. साहेब जेवाया गेला.” वर्गात खसखस पिकली. तलासरीच्या बाजूच्या पोराला दाखल्याची रांग बाराखडीच्या आधी ठाऊक असते. मग मागच्या ओळीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत म्हणाली, “त्यांला आधी आयला दाखवाचं असंल.”

वर्गात कोणी हसलं नाही. इतक्या वर्षांत फादरांपासून बिशपांपर्यंत किती प्रवचनं ऐकली, त्या नऊ जणांना आई असेल हे कोणी बोललं नव्हतं. कितीतरी वर्षं गावाबाहेर राहिलेला मुलगा, अंग निर्मळ झालेलं पाहून पहिल्यांदा कुठं पळेल? आणि ती आई तरी काय करेल? पोराचा हात उलटसुलट करून पाहील आणि डोळे मिटून सुरू होईल, ज्या प्रार्थनेला शेवट नसतो ती. म्हणजे नऊ जणांचे आभार पोचले असतील, फक्त वाट लांबची. मी त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ‘युखारिस्त’ हा मिस्सेचा ग्रीक शब्द मुळात आभार मानण्याचाच आहे, आभार मानण्यालाच आमचे प्रोटेस्टंट शेजारी उपकारस्तुती म्हणतात, वगैरे सांगायची तयारी करून गेलो होतो. ती तयारी तशीच पिशवीत परत आणली.

२०१८ च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, त्या पट्ट्यात सगळीकडं. मोठा भूकंप एकच होऊन जाता तर माणसानं एकदाच घाबरून घेतलं असतं. हे आठवडेच्या आठवडे चाललं, दिवसातून दोनदा, तीनदा, कधी मध्यरात्री. १ फेब्रुवारी २०१९ ला तर दिवसभरात अनेक धक्के आले, आणि त्यातला एक चारच्या वर गेला. थंडीत माणसं अंगणात, तंबूत झोपत होती. आम्ही शाळेचे वर्ग आंब्याखाली भरवत होतो. मी निवृत्तीला टेकलेला, आणि धक्का आला की मुलांच्या आधी मीच उठून उभा राहायचो. त्या रविवारी मिस्साही उघड्यावर झाली. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ज्याला जे म्हणायचं ते म्हणायची मुभा असते. मी मनात मसुदा करत होतो, विषय: भूकंप थांबविणेबाबत. तेवढ्यात एक डोसी उठली आणि तिनं आभार मानले. कशाबद्दल, तर तिचं घर कुडाचं आहे याबद्दल. कारवीच्या काटक्या, वरून शेणमाती. “पडला तरी लागत नाय,” ती देवाला समजावून सांगत होती, “आन् उभा कराया दोन दिस.” शेजारीच पक्क्या घरकुलवाले बसले होते, ज्यांच्या भिंतींना नव्या चिरा गेल्या होत्या. ते आधी एकमेकांकडं, मग तिच्याकडं पाहायला लागले आणि हळूहळू सगळ्या जमावात हसू पसरलं. कुडाच्या घराचं एवढं कौतुक कोणत्याही वास्तुतज्ज्ञानं त्यांच्यापुढं केलं नसेल. मी माझा मसुदा फाडून टाकला. म्हणजे मनात.

त्याच गावांच्या अंगाखांद्यावर वारली चित्रं वाढली. पूर्वी ती लग्नघरापुरती असत. सवाशिणींनी चौक लिहायचा, मधे पालघाट देवी बसवायची आणि लग्न उरकलं की भिंत पुन्हा आपली भिंत. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे चित्र काढायला लागले ते लग्नाची वाट न पाहता. रोज. मनात आलं की. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. मला त्यांच्या चित्रांइतकंच हे ‘रोज’ फार मोठं वाटतं. सणाचं होतं ते त्यांनी वारावर आणलं. एका नाताळात आमच्या शाळेतल्या पोरांनी प्रार्थनाघराच्या भिंतीवर गेरू-तांदळाच्या पिठानं बेथलेहेम काढलं. दोन त्रिकोणांचा योसेफ, दोन त्रिकोणांची मरिया आणि अगदी इवल्याशा दोन त्रिकोणांचा बाळ. मेंढपाळ तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचत होते. एक मागी राजा, मी बारकाईनं पाहिलं, ताडावर चढलेला होता. विचारलं तर चित्रकार म्हणाला, “तारा दिसंना म्हणून वर चढला.” आणि वर चढलाच आहे तर मडकं पण उतरवून आणील, हे त्यानं सांगितलं नाही, पण मडकं काढलं होतं. बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस आणणाऱ्यांच्या यादीत ताडीची भर पडलेली पाहून फादर बराच वेळ भिंतीकडं पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “असू दे. त्या रात्री थंडी होतीच.”

दुधीची गोष्ट ऑक्टोबरातली. भात कापणीला आलेलं होतं. आमच्या वसईकडं या दिवसांत आगेरा असतो, पहिल्या कणसांची पेंढी देवळात नेऊन आशीर्वाद घेतात. वारल्यांची कणसरी माता धान्याचीच देवी. तिच्या नकळत कोणी नवं धान्य खात नसे. तेव्हा पहिलं पीक देवाकडं न्यायचं, हे डोंगरातल्यांना शिकवायला कोणी फादर लागला नसणार. त्या रविवारी अर्पणाच्या वेळी सगळे रांगेनं पुढं आले. सुपात नवं भात, नागली, वाल, मिरच्या, काकड्या, चार अंडी रुमालात, आणि पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबडा वेदीच्या पायरीवर ठेवला. फादर प्रवचनानंतर जसे शांत राहतात तसे अर्पणाआधी क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, आणि नेमकी तीच वेळ साधून कोंबडा गळा काढून आरवला. पत्र्याखाली तो आवाज दुप्पट झाला. फादरांनी डोळे न उघडताच म्हटलं, “पेत्र इथं नाही रे बाबा, खाली बस.” येशूला नाकारणाऱ्या पेत्राला कोंबड्याच्या आरवण्यानंच भान आलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं हसली, आया हसल्या. ज्या माणसानं तो आणला होता त्याचा चेहरा इतका उजळला, जसं त्याच्या पोराचा शाळेत पहिला नंबर आला.

रांगेच्या शेवटी तीच भूकंपातली डोसी होती. तिच्या हातात एक दुधी होता. हातभर लांब, फिकट हिरवा, अंगावर अजून लव असलेला, तान्ह्या पोरासारखा आडवा धरलेला. तिनं तो वेदीपुढं ठेवला, त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि मागं येऊन बसली.

मिस्सेनंतर अंगणात लिलाव झाला. आलेल्या वस्तूंचा लिलाव करून पैसे प्रार्थनाघराच्या पत्र्याला, दिव्याला लावतात. धर्मशिक्षक एकेक वस्तू उचलून बोली लावत होता. दुधी आला तेव्हा बोली दहा रुपयांपासून सुरू झाली, आणि मागून आवाज आला, “दहा.” मी वळून न पाहता म्हटलं, “वीस.” गुरुजींनी काहीतरी घ्यावं, लोकांना बरं वाटतं, हा माझा शहाणपणा. “पंचवीस,” मागून आवाज. मी म्हटलं, “तीस.” जरा शांतता झाली. मग तोच आवाज, थोडा करकरीत होऊन, “पस्तीस.” आता वळून पाहिलं तर डोसी कमरेची चंची सोडून नोटा मोजत होती आणि माझ्याकडं अशी पाहत होती, की मला शटलमधली सीट सोडून उठावंसं वाटलं. मी गप्प बसलो. दुधी तिला मिळाला. तिचाच दुधी तिला, पस्तीस रुपयांना. त्यातले पंचवीस माझ्या सौजन्यापायी.

मी जवळ जाऊन विचारलं, “आजी, दुधी तुझाच ना? मग आणलास कशाला आणि घेतलास कशाला?”

“पहिला होता,” ती म्हणाली. “वेलीचा पहिला देवाचा.”

“मग परत का घेतला?”

“आज भाजी काय करू?”

तिच्या दृष्टीनं यात काही गुंता नव्हता. सकाळपर्यंत देवाचा होता, तो देवाला पोचता केला. आता पैसे मोजून घेतला, आता तिचा. मधल्या मधे एक दुधी दोनदा हातातून गेला, आणि ती प्रत्येक वेळी त्याच्यावर तसाच हात फिरवत होती. मी जीव एकवटून पंचवीस रुपये पुढं केले आणि म्हटलं, “माझ्यामुळं तुला महाग पडला.” तिनं नोटांकडं पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईचा कोयता मागून घेतला, दुधी पायरीवर आडवा ठेवला, मधोमध एक घाव घातला आणि देठाकडचा अर्धा माझ्या हातात दिला.

“तुला पण पायजे होता ना,” ती म्हणाली. तिच्या बोलीत देवालाही तू, गुरुजींनाही तू.

मी “थँक्यू” म्हणालो. तिला तो शब्द कळला नाही, की कळून त्याची तिला गरज वाटली नाही. ती दुसरा अर्धा पदरात बांधून पाड्याकडं चालायला लागली. संध्याकाळच्या लोकलमध्ये तो अर्धा दुधी मी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. टाळ-भजनाचं मंडळ आता या गाडीला नसतं. खिशात माळ होती. पालघर येईपर्यंत मी काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणत राहिलो, आईच्या चालीवर: आज गाडीत बसायला मिळालं, कोंबडा आरवला, म्हातारी रागावली नाही.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोनं कागद सोडला, अर्धाच दुधी पाहून भुवया उंचावल्या आणि सवयीनं त्याला नख लावून पाहिलं. कोवळा होता.